फक्त एकदा की नेहमी

रुग्णालयाकडून बाबांच्या फोनवर मेसेज आला, तेव्हा बाबांना जाऊन बरेच दिवस झाले होते. मेसेज असा होता: 'आपल्या प्रिय व्यक्तीने आपल्यासाठी एक निरोप ठेवला आहे. ऐकण्यासाठी खालील लिंक उघडावी. सुरक्षेच्या कारणास्तव ही लिंक महिनाअखेर बंद होईल. कळावे, टीम ऊब.'

म्हणजे बाबांनी ठेवलेला निरोप बाबांनाच आला होता. दाखल होताना खिडकीवर त्यांना जवळच्या व्यक्तीचा नंबर विचारला गेला आणि त्यांनी स्वतःचाच दिला. यात त्यांचा दोष नाही. आईचा नंबर त्यांना पाठ नव्हता, कारण आईला फोन करायची वेळच त्यांच्यावर कधी आली नव्हती. ती कायम हाकेच्या अंतरावर असे.

फोन जेवणाच्या टेबलावर, चार्जरला लावलेला, जिथे बाबा ठेवत तिथेच होता. तो बंद करायचा विषय मुलीनं दोनदा काढून पाहिला होता. मुलगी एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासायचं काम करी. लोकांची पुस्तकं छापून येण्याआधी वाचायची आणि त्यातल्या चुका काढायच्या, असा तिचा चरितार्थ होता. वय पन्नाशीकडे झुकलं असलं तरी घरात तिला चिमीच म्हणत.

"वाजव," आई म्हणाली.

"थांब, चष्मा लावू दे."

"त्या दिवशी मला खोलीबाहेर बसवलं होतं, तेव्हाचं असणार. ती नर्स म्हणाली, आजी, जरा बाहेर बसा, आजोबांना निरोप ठेवायचाय. भिंतीवर एक डबा होता, त्याच्यासमोर." आईनं पदर सारखा केला. "जन्मभर माझ्यासमोर बसून धड चार वाक्यं बोलले नाहीत. त्या डब्याशी काय बोलले असतील?"

चिमीनं लिंक दाबली. पडद्यावर एक हिरवी टोपली आली, दोनदा उडी मारून स्थिरावली, आणि खाली अक्षरं उमटली: 'क्षमस्व! निरोप हा जिन्नस सध्या आपल्या भागात उपलब्ध नाही. त्याऐवजी घ्या: कोबी, ताजा.'

"काय म्हणतायत?" आईनं विचारलं.

"कोबी घ्या म्हणतायत."

"हे म्हणतायत?"

"नाही गं. भाजीचं ॲप म्हणतंय."

इथे बाबांच्या स्वभावाबद्दल सांगायला हवं. बाबांची सारी नोकरी बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत गेली होती. कोणी काही विचारलं की उत्तर द्यायचं, आणि समोरचा खट्टू होऊन जाणार नाही असं द्यायचं, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. निवृत्तीनंतर हातात फोन आला, आणि तो फोन त्यांना प्रश्न विचारू लागला. लिंक दाबली की फोन विचारी: ही कोणत्या ॲपमध्ये उघडू? आणि खाली दोन उत्तरं देई: 'फक्त एकदा' आणि 'नेहमी'. बाबा न चुकता 'नेहमी' दाबत. 'फक्त एकदा' म्हणणं त्यांना उर्मट वाटे. दारात आलेल्या माणसाला, आलात ते आलात, पुन्हा येऊ नका, असं सांगण्यासारखं.

या सौजन्याचा परिणाम असा झाला होता की बाबांच्या फोनवर कोणतीही लिंक भलत्याच दारात जाऊन उभी राही. बँकेची लिंक हवामानाच्या ॲपमध्ये उघडे. गॅसची लिंक गाणं शिकवणाऱ्या ॲपमध्ये उघडे आणि सा लावायला सांगे. वीजबिलाच्या लिंकमध्ये कोबी निघे. मग बिलं भरली कशी जात? बाबा चालत जाऊन भरत. ॲपचा हाच मोठा फायदा आहे, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. ॲप आल्यापासून त्यांचं चालणं वाढलं होतं.

भाजीच्या ॲपचं नाव 'टोपली'. जगातली कोणतीही लिंक आपण उघडू शकतो, असं टोपलीनं फोनला सांगून ठेवलं होतं. फोननं पुरावा मागितला नव्हता.

चिमीनं लिंक स्वतःच्या फोनवर पाठवली. तिथे उत्तर आलं: 'ही लिंक ज्या नंबरला पाठवली, त्याच नंबरवर उघडेल.' कॉम्प्युटरवर घेतली. तिथे आलं: 'आपला पडदा गरजेपेक्षा मोठा आहे. कृपया लहान पडद्यावर यावे.' चिमी लहान पडद्यावर परत आली, आणि टोपली काढून टाकायची असं ठरवून कामाला लागली.

टोपली काढायचं बटण टोपलीतच होतं. ते दाबल्यावर अंबाडा घातलेल्या एका बाईचं चित्र पुढे आलं.

'नमस्कार गं राणी! मी टोपलीची मावशी. काय हवंय माझ्या लेकराला?'

'ॲप काढायचं आहे,' चिमीनं लिहिलं.

'अगोबाई, रुसलीस? कारण सांग बघू. भाजी शिळी निघाली? भाव जास्त वाटला? की स्वयंपाकाचाच कंटाळा आला?'

'फोनचे मालक वारले.'

मावशीनं विचार करत असल्याची तीन टिंबं दाखवली. 'अरेरे. फार वाईट झालं. मालक कोणत्या भाजीने वारले ते कळवशील का? मी त्या विभागाला झापते.'

आई मागे उभी राहून वाचत होती. "ही कोण मावशी?"

"ॲपची आहे."

"कोणाची बहीण?"

"कोणाचीच नाही. मशीन आहे."

"मशीन आहे तर मग एवढी लाडात का येतेय?"

चिमीनं भाजीचं नाव सांगायला नकार दिला. मावशी तीन वेळा रडवेली झाली, एकदा सवलत देऊ म्हणाली, आणि शेवटी 'जा, पण सुखी राहा' असं म्हणून अंतर्धान पावली. टोपली गेली. चिमीनं पुन्हा लिंक दाबली.

आता ती 'झुळूक'मध्ये उघडली. झुळकेनं निरोपाचा नीट अभ्यास केला आणि जाहीर केलं: 'निरोप: अंशतः ढगाळ.' झुळूक काढली. मग लिंक 'सावली'मध्ये उघडली. सावली हे गाड्यांचा दंड वसूल करायचं ॲप होतं. 'आपल्या नावावर दंड नाही,' सावली म्हणाली, आणि खाली बटण दिलं, 'तरीही भरा.' सावली काढली. त्यानंतर 'ओंजळ' आली, ती पाणीपट्टीची. 'अंगण' आलं, ते पार्किंगचं. 'माया' आली, ती थकलेल्या कर्जाच्या वसुलीची निघाली, आणि बाबांनी कधीच कर्ज घेतलं नव्हतं हे कळल्यावर दुखावल्यासारखी गप्प झाली.

चिमीचं आयुष्य शब्दांत गेलं होतं. एकेक ॲप पुसताना तिच्या मनात आलं, भाषेतले सगळे मऊ शब्द कोणीतरी आधीच उचलून नेले आहेत, आणि प्रत्येकाच्या हातात एकेक काठी दिली आहे.

"लागलं का?" आई मधूनमधून स्वयंपाकघरातून विचारी.

"नाही अजून."

बाबांचा फोन रिकामा होत गेला. पडद्यावर शेवटी घड्याळ, फोन करायचं चित्र आणि टॉर्च एवढंच उरलं. तेव्हा कुठे लिंक दुसरीकडे न भरकटता आपल्या पानावर गेली. पानावर फिकट केशरी रंग होता आणि मजकूर होता: 'हा निरोप ऊब ॲपमध्ये अधिक चांगला ऐकू येतो.' चिमीची जरा कमी चांगला ऐकायची तयारी होती. पण तसं बटण नव्हतं. एकच बटण होतं, 'ऊब उघडा', आणि बाबांच्या फोनवर ऊब नव्हती.

ॲपच्या दुकानात 'ऊब' शोधल्यावर पांघरुणं विकणारी ऊब निघाली. खोली गरम करणाऱ्या यंत्राची ऊब निघाली. लग्न जमवणारी ऊब, कुत्र्यांचे स्वेटर विणून देणारी ऊब, 'खरी ऊब', 'अधिकृत ऊब' आणि 'आमची कुठेही शाखा नाही ऊब' निघाली. रुग्णालयाची ऊब मात्र त्यात नव्हती. चिमीनं सुट्टी टाकली आणि रुग्णालयात गेली.

चौकशीच्या खिडकीवर आता माणूस नव्हता, पडदा होता. 'जिव्हाळा विभाग, सर्वांत वरचा मजला,' असं पडद्यानं सांगितलं. तिथे काचेच्या भिंतींची एक खोली होती. कोपऱ्यात प्लॅस्टिकचं झाड होतं, आणि त्याच्या बुंध्याशी ओली माती ठेवली होती, खरी. एका भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. ओढ. कूस. सय. हुंकार. प्रत्येकीवर लाल फुली होती. टेबलामागे बसलेला तरुण उठून उभा राहिला. तो विभागाचा प्रमुख होता. हुद्दा: मुख्य जिव्हाळा अधिकारी.

"बसा ना ताई. आधी मला असं म्हणायचंय की तुमचं दुःख ते आमचं दुःख. म्हणू?"

"म्हणा."

"तुमचं दुःख ते आमचं दुःख. आता बोला."

चिमीनं सांगितलं. अधिकाऱ्यानं मान डोलावत ऐकलं.

"ऊब तुम्हाला मिळणार नाही ताई, कारण ऊब आता ऊब राहिलेली नाही. नाव बदलतंय. मुळात आपल्या ॲपचं नाव होतं 'रुग्णालय'."

"चांगलं होतं की."

"तोच तर घोळ होता. लोकांना नावावरून कळायचं हे कशाचं आहे. सल्लागार नेमले होते, त्यांनी अहवालात स्पष्ट म्हटलं: नावावरून काम कळलं, की लोक ते काम होईल अशी अपेक्षा धरतात. मग 'ऊब' ठेवलं. तर पांघरुणवाल्यांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, तुमच्या ऊबमुळे आमच्या गिऱ्हाइकांना रक्ततपासणीची आठवण येते. मग आम्ही दुसरा शब्द शोधला." त्यानं भिंतीकडे हात केला. "तो गेलेला होता. तिसराही गेलेला. भाषेत आता फार कमी जागा शिल्लक आहे ताई. पण झालं शेवटी. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला नवं नाव जाहीर होतंय."

"काय आहे?"

"ते गोपनीय आहे. एवढंच सांगतो, ऐकल्यावर तुम्हाला काहीही वाटणार नाही. आम्ही चाचणी घेतली होती. कोणालाच काही वाटलं नाही. त्यामुळे कोणाची हरकतही आलेली नाही."

"म्हणजे जुनं ॲप काढून टाकलं, आणि नवं पहिल्या तारखेला येणार."

"अगदी बरोबर."

"आणि लिंक महिनाअखेर बंद होणार."

"हो. सुरक्षेचा प्रश्न आहे."

"मग मधल्या काळात?"

"मधल्या काळात लिंक पूर्णपणे चालू आहे," अधिकारी आश्वासक स्वरात म्हणाला. "ती उघडत नाही, एवढंच."

चिमीनं काचेतून बाहेर पाहिलं. खाली आवारात एक बाई बाकावर डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिचं कोणी आत असणार.

"तुमच्याकडे तो निरोप आहेच ना? मशीनमध्ये असेल. माझ्या आईला एकदा ऐकवा. इथे, तुमच्यासमोर. मी तिला रिक्षानं घेऊन येते."

"नाही हो ताई, मला तो ऐकता येत नाही. तो तुमचा खाजगी निरोप आहे. आम्ही गोपनीयतेच्या बाबतीत फार कडक आहोत." मग त्यालाच काहीतरी सुचलं आणि चेहरा उजळला. "एक होऊ शकतं. ज्यांनी निरोप ठेवला त्यांनी पुन्हा पाठवला, तर नवी लिंक निघते. नव्या नावानं. मुदतही नवी मिळते."

"त्यांनी म्हणजे बाबांनी."

"हो, पाठवणाऱ्यांनी. त्यांना म्हणावं, फक्त..." तो थांबला. कॉम्प्युटरवर काहीतरी वाचलं. "अच्छा. हो. हे त्यांना जमणार नाही." आणि मग, नियमात सापडलेली फट दाखवण्याच्या उत्साहात, "पण त्यांच्या वतीनं तुम्ही विनंती करू शकता! तुम्ही त्यांच्या कन्या आहात याची खात्री पटवायची फक्त. मी त्यांच्या नंबरवर एक लिंक पाठवतो, ती उघडा."

बाबांचा फोन चिमीच्या पर्समध्ये वाजला. तिनं लिंक दाबली. 'आपली ओळख ऊब ॲपमध्ये अधिक चांगली पटते,' असं पडद्यावर आलं. तिनं तो पडदा टेबलापलीकडे धरला.

"बघा," अधिकारी म्हणाला, "लिंक लगेच आली की नाही? आमची सिस्टिम फार वेगवान आहे."

चिमी उठली. तिला रागावता आलं असतं. रागवायची तिनं मनात तयारीही केली होती, येताना रिक्षात वाक्यं जुळवली होती. पण समोर बसलेला तरुण खरंच कळवळला होता, आणि त्याच्या हातात खरंच काही नव्हतं. असल्या माणसावर ओरडून घसा तेवढा बसतो.

"रिकाम्या हातानं नका जाऊ ताई," तो म्हणाला, आणि कपाटातून एक कप काढून तिच्या हातात दिला. कपाटात तसे कप वरपासून खालपर्यंत भरलेले होते. केशरी कप, त्यावर पंखाखाली पिल्लू घेतलेली एक कोंबडी. "ऊबचे आहेत. आता नाव बदलल्यावर त्यांचं करायचं काय? आईंना द्या. आणि आमची सेवा कशी वाटली तेवढं कळवा. लिंक पाठवतो."

घरी आल्यावर चिमीनं कप टेबलावर ठेवला आणि झालेलं सगळं आईला सांगितलं. आईनं ऐकून घेतलं. कप उचलून उलटसुलट करून पाहिला.

"ही कोंबडी माझ्या फोनवर आहे," ती म्हणाली.

"काय?"

"ह्यांना दाखल केलं त्या दिवशी नर्सनं घातली. म्हणाली, आजी, असू दे. मी म्हटलं, असू दे."

"आई! मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू ऊब ऊब करत होतीस. कोंबडीबद्दल तू मला विचारलंस का?"

आता आईच्या फोनबद्दल. बाबा फोनच्या प्रश्नाला 'नेहमी' म्हणत, तर आई तिच्या फोनच्या प्रश्नाला 'आत्ता नको' म्हणे. फोननं विचारलं, ॲपचं नवं रूप घेऊ का? आत्ता नको. जुनं ॲप बंद झालं आहे, काढू का? आत्ता नको. तुम्ही कुठे आहात ते आम्हाला कळू दे का? तुम्हाला काय करायचंय, असं पुटपुटून, आत्ता नको. दोघांचा संसार या दोन उत्तरांवर वर्षानुवर्षं सुरळीत चालला होता. त्यामुळे जगातून नाहीशी झालेली ऊब आईच्या फोनवर, घेतली तशी, कोंबडीसकट शिल्लक होती.

चिमीनं लिंक आईच्या फोनवर पाठवली. बाबांच्या फोनमधलं सिम टाचणीनं काढून आईच्या फोनच्या दुसऱ्या खाचेत सरकवलं. बाबांचा फोन मुका झाला. आईनं तो हातात घेतला आणि परत चार्जरला लावून ठेवला.

लिंक दाबली. आईच्या फोननं विचारलं: ऊबमध्ये उघडू? फक्त एकदा? नेहमी?

चिमीचं बोट 'फक्त एकदा'कडे गेलं.

"थांब," आई म्हणाली. "मी दाबते." तिनं चष्मा वर सरकवला, दोन्ही उत्तरं शांतपणे वाचली. "ह्यांनी काय दाबलं असतं?"

"माहितेय तुला."

आईनं आयुष्यात पहिल्यांदा 'नेहमी' दाबलं.

कोंबडीनं पंख उघडले. बराच वेळ नुसती खरखर आली, कोणाच्या तरी चपलांचा आवाज, आणि मग बाबा.

"हॅलो. चालू आहे का? हां. हॅलो. मला तसं काही सांगायचं नव्हतं. पण ह्या सिस्टरनी विचारलं, निरोप ठेवणार का. आता इतक्या अगत्यानं विचारल्यावर नाही कसं म्हणायचं." खोकला. "तू बाहेर बाकावर बसली आहेस. दारातल्या काचेतून दिसतेस मला. तुझ्या पर्सची चेन उघडी आहे. मघापासून उघडी आहे. इथून सांगता येत नाहीये. अहो सिस्टर, तिला कोणीतरी सांगा हो चेन लावून घ्यायला." पुन्हा खरखर. "बरं. हे बंद कुठून करायचं?"

"आजोबा, अजून वेळ आहे. बोला ना," नर्सचा आवाज आला.

"नको. ती येईलच आत आता. आली की बोलतो."

एवढंच होतं.

खुर्चीच्या पाठीला आईची पर्स अडकवलेली होती. तिनं वळून पाहिलं. चेन उघडी होती.

"मी आत गेले तेव्हा झोप लागली होती त्यांना," ती म्हणाली. मग हात लांब करून तिनं चेन लावली.

पडद्यावर अक्षरं उमटली: 'निरोप संपला. आपल्याला हा निरोप कसा वाटला? तारे द्या.' पाच पोकळ तारे वाट पाहत राहिले. दोघींपैकी कोणीच हात लावला नाही. थोड्या वेळानं ऊबचा धीर सुटला. 'आपल्याला हेही आवडेल,' असं म्हणत तिनं आपणहून पुढचा निरोप लावला.

एक जाडाभरडा, दमलेला पुरुषी आवाज आला. "धाकट्या, ऐक. गच्चीवरच्या टाकीचं झाकण लावत जा. मी नसलो की कोणी लावणार नाही." खोकला. "आणि ते त्या वेळचं, ते माझ्या मनात नाही. कधीच नव्हतं. तूच यायचा थांबलास."

चिमी फोन बंद करायला पुढे झाली. आईनं तिचा हात धरला.

"बोलू दे त्यांना."

"आई, ते आपल्यासाठी नाहीये. दुसऱ्या कोणाच्या तरी घरचं आहे."

"कळतंय मला. ज्याच्यासाठी आहे त्याच्याकडे उघडलं नसेल. कोणीतरी ऐकायला नको?"

पहिल्या तारखेला नवं नाव जाहीर झालं. चौकाचौकांत फलक लागले. अपेक्षेप्रमाणे कोणालाच काही वाटलं नाही. बाबांची लिंकही ठरल्याप्रमाणे बंद झाली. ती आता दाबली की 'मुदत संपली' असं येतं. मात्र मुदत लिंकला होती. निरोपाला मुदत घालायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि जुन्या ऊबला हे सांगायचं तर ती नवी करावी लागते. ती नवी करू का, असं फोन आईला रोज विचारतो. आत्ता नको, असं आई त्याला रोज सांगते.

त्यात तिनं त्या दिवशी 'नेहमी' दाबलेलं. बाबांचं सिमही आईच्याच फोनमध्ये राहिलं. त्यामुळे आता बाबांच्या नंबरवर आलेली कोणतीही लिंक ऊबमध्ये उघडते, आणि ऊब हाताला लागेल तो निरोप लावते. वीजबिलाच्या लिंकमध्ये परवा एका बाईनं सुनेला शिवणयंत्राचा पट्टा कसा बदलायचा ते सांगितलं. गॅसच्या लिंकमध्ये एक माणूस नुसताच श्वास घेत होता आणि शेवटी 'बरं' म्हणाला. आई प्रत्येक निरोप शेवटपर्यंत ऐकते. मग पर्स घेते, चेन लावते, आणि बिल भरायला चालत जाते.

कधीतरी बाबा लागतात. नेहमी नाही.

चिमी म्हणाली, मी हे दुरुस्त करून देते. आई म्हणाली, राहू दे. वर तिनंच उलट चौकशी केली की आपल्याला लिंका आणखी कशा येतील. जी बाई दुकानात कोणी नंबर मागितला तर 'कशाला?' म्हणून डोळे वटारायची, ती आता चपलांच्या दुकानापासून दाताच्या दवाखान्यापर्यंत सगळीकडे बाबांचा नंबर स्वतःहून देते आणि बजावते, "मेसेज पाठवत जा हं, न चुकता." टोपलीच्या मावशीलाही तिनं चिमीकडून परत बोलावून घेतलं आहे. मावशी कोबीच्या लिंका सढळ हातानं पाठवते.

गच्चीवरच्या टाकीचा निरोप मात्र वरचेवर लागतो. इतका, की आई आता तो माणूस खोकायच्या आधी सांगते, आता खोकेल. जो निरोप घरच्यांनी ऐकलेलाच नाही तोच ऊब पुन्हा पुन्हा पुढे करते, असा तिचा अंदाज आहे. त्यावरून धाकट्यानं लिंक उघडलेली दिसत नाही. त्याचंही बरोबरच आहे म्हणा. शहाणी माणसं अनोळखी नावानं आलेल्या लिंका उघडत नाहीत. 'ऊब'कडून मेसेज आला, तर कोणीही तो पांघरुणाची जाहिरात समजून पुसून टाकील. तुम्हीही टाकला असेल.

चिमीच्या आईनं एवढंच विचारायला सांगितलं आहे: तुमच्या घरात धाकटं कोण?